कासवांची हजेरी



विड्या वळणाऱ्या बायांच्या आणि साखर कामगारांच्या सभांतून ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना आपण आज समुद्री कासवांवर बोलायला उभे केले आहे. पत्रिका छापून आली त्या दिवशी चौकात एका जुन्या स्नेह्यांनी आम्हांला अडवले. म्हणाले, "काय हो, आता कासवांची युनियन काढता की काय?" आम्ही म्हटले, "काढली असती, पण वर्गणी कोण देणार?" तेवढ्यावर विषय हसण्यावारी गेला. तथापि त्यांच्या प्रश्नात तथ्य नव्हते असे नाही, हे घरी येईपर्यंत आमच्या ध्यानात आले. आजचे बोलणे बरेचसे त्याच प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

'आम्ही' म्हणतो त्याचाही खुलासा करून टाकतो. त्यात मोठेपणा नाही. नववीत शाळा सुटली, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि नगरपालिकेच्या वाचनालयात झाले, आणि चळवळीत पहिली सवय मोडली ती 'मी' म्हणण्याची. शिवाय किनाऱ्यावर आम्ही गेलो ते तिघे गेलो. एक आम्ही, दुसऱ्या चाळीस वर्षे विड्या वळलेल्या आमच्या एक मावशी, तिसरा कचेरीत टपाल सांभाळून कॉलेजात शास्त्र शिकणारा एक तरुण सोबती.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहिले तर पायाखाली कोकण दिसते, एवढीच आपली सलगी. आपली प्रवरा तर रतनगडावर जन्मून समुद्राकडे पाठ फिरवते, गोदावरीला मिळते आणि थेट पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते. पण कासव आपल्याला परके नाही. देवळात शिरताना सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावल्याशिवाय आपण पुढे जात नाही. आणि कीर्तनात आपण सगळ्यांनीच ऐकले आहे की कासवी आपल्या पिलांना दूध पाजीत नाही, ती त्यांना नुसत्या दृष्टीने पोसते. ती ह्या तीरावर, पिले त्या तीरावर, आणि तिच्या नजरेने त्यांचे पोट भरते. संतांना ही उपमा फार प्रिय. मावशींनीही तीच मनात धरून समुद्र पाहायचा ठरवला होता.

आता खरी गोष्ट ऐका. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची कासवी. वजन चाळीस-पंचेचाळीस किलोच्या आसपास, पाठ दोन-सव्वादोन फूट. नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागल्या पायांनी दीड फूट खोल मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभराच्या मागेपुढे अंडी घालते, वाळू लोटते, अंगाने थापून बसवते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. पुन्हा त्या घरट्याकडे ती येत नाही. पिलांना ती जन्मात पाहत नाही. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले वाळूतून वर येतात तेव्हा आई कुठल्या दर्यात असते ते कोणालाच ठाऊक नसते. हे कासवमित्राच्या तोंडून ऐकले तेव्हा मावशी जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे बघणारं दुसरंच कुणीतरी लागतं की."

त्या बघणाऱ्यांविषयी आम्हांला आज सांगायचे आहे.

आमचे कुतूहल जागे झाले ते एका आकड्याने. २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर एक कासवी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा लहानसा बिल्ला होता आणि त्यावर ०३२३३ हा क्रमांक. चौकशी केली तेव्हा कळले की तो बिल्ला भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी मार्च २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे लावलेला. म्हणजे ज्या बंगालच्या उपसागरात आपल्या प्रवरेचे पाणी जाते, तिथली ही कासवी; सबंध दक्षिण हिंदुस्थानाला वळसा घालून, अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर पोहून, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात बाळंतपणाला आली! पूर्व किनाऱ्याची कासवे आणि पश्चिम किनाऱ्याची कासवे ह्यांचा परस्परांशी काही संबंध आहे की नाही, हा शास्त्रज्ञांचा जुना प्रश्न. त्याआधी २०२२ साली वेळास, आंजर्ले आणि गुहागर येथे पाच कासवींच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी यंत्रे बसवली होती. वेळासच्या पहिलीचे नाव 'प्रथमा' ठेवले होते. २०२३ मध्ये गुहागरला यंत्र बसवलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. पण ती यंत्रे महागडी, आणि काही महिन्यांत मुकी होतात. ०३२३३ चा बिल्ला मात्र एक पत्र्याचा तुकडा. तो चार वर्षे टिकला, आणि अंधारात कोणीतरी तो पाहून आकडा नीट उतरवून घेतला म्हणून ही गोष्ट जगाला कळली. तीनच्या जागी आठ लिहिला असता तर?

हजेरीपटावर ज्यांनी भांडणे केली आहेत त्यांना ह्या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. आपल्या गावात विडीचा हिशोब हजारावर. मावशी पाने आणि तंबाखू घरी आणायच्या, रात्री दिव्याखाली विड्या वळायच्या, पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायच्या आणि सकाळी कारखान्यात द्यायच्या. मोजणारा मुनीम समोर बसून कट्टा सोडायचा आणि छाट काढायचा. ही वाकडी, ती सैल, हिचे पान फाटके. हजार आणलेल्या बाईच्या नावावर नऊशे पडायच्या, आणि छाट काढलेल्या विड्या काही तिला परत मिळायच्या नाहीत. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला, त्यात छाटीला मर्यादा घातली गेली. पण कायदा दिल्लीत आणि मुनीम दाराशी! "वरची बेरीज जुळली पाहिजे बाई," हे एका मुनिमाचे वाक्य आमच्या कानात आजही आहे. त्याची बेरीज नेहमी जुळायची. आमचे अर्धे आयुष्य ती जुळलेली बेरीज उसवण्यात गेले.

असो. २०२५ च्या मार्चात आम्ही निघालो. पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव, आंबेतचा पूल, म्हाप्रळ, मंडणगड असा एस. टी.चा प्रवास. वाटेत मंडणगड तालुक्यातील वेळास पाहिले. ज्या नाना फडणिसांना दौलतराव शिंद्यांनी आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले होते, त्यांचे हे मूळ गाव. तेव्हा नगरकरांनी तिथे जरा बेतानेच पाय ठेवावा. कासवांच्या कामाची आपल्या राज्यातली मोठी सुरुवात इथली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र ह्या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी ह्या किनाऱ्यावर समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी हिंडत असता त्यांना कासवांच्या अंड्यांची टरफले दिसली, आणि अंडी सर्रास खणून नेली जातात हे कळले. २००२ पासून त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला आरंभ केला. पूर्वी अंडी विकणारेच पुढे राखणदार झाले, असे त्या भागात सगळीकडे ऐकू येते. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, शहरचे लोक येऊन घरोघर राहू लागले, आणि मग वनखात्याने व त्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने काम हाती घेतले. महोत्सवाविषयी आमचे मत थोडे वेगळे आहे. गावात चार पैसे येतात हे चांगले. पण वीत दीड वीत जागेत चालणाऱ्या पिलांपुढे तीनशे माणसे मोबाईल धरून उभी असलेली पाहिली की आपण लग्नाच्या पंगतीत आलो आहोत असे वाटते.

आम्ही राहिलो ते वेळास नव्हे. त्याच किनाऱ्यावरचे दुसरे एक गाव. नाव मुद्दाम सांगत नाही, त्याचे कारण पुढे येईल. आमचे काम शास्त्रज्ञांचे नव्हे, शास्त्रज्ञांच्या हाताखालच्या माणसाच्या हाताखालचे. गावातला कासवमित्र पहाटे साडेतीनला निघे, आम्ही त्याच्या मागोमाग. वाळूत कासवीचा माग ट्रॅक्टरच्या चाकोरीसारखा दिसतो. जाणारी रेघ आणि येणारी रेघ जिथे मिळतात तिथे तो काठीने वाळू चाचपायचा. काठी जिथे एकदम सैल जाई तिथे थांबायचे आणि हाताने उकरायचे. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पांढरी, जरा मऊ. ती जशी निघतील तशीच उचलायची, फिरवायची नाहीत. कारण काही तासांनी आतला जीव कवचाला चिकटतो आणि मग अंडे उलटले तर तो मरतो. म्हणून घाई. कोल्हा, कुत्रा आणि भरती ह्यांच्या आधी ती अंडी किनाऱ्यावरच्या जाळीच्या कुंपणात न्यायची. त्याला तिकडे हॅचरी म्हणतात. मूळ खड्डा जेवढा खोल आणि जसा होता तसाच खड्डा तिथे करायचा, आणि पाटी लावायची: घरटे क्रमांक, तारीख, अंडी किती.

लिहिण्याचे काम आमच्याकडे. वेळ, भरतीच्या रेषेपासून अंतर, खड्ड्याची खोली, अंड्यांची संख्या, वाळूचे तापमान. तापमान कशाला? तर कासवाचे पिलू नर होणार की मादी हे अंड्यात ठरलेले नसते, वाळूच्या उष्णतेवर ठरते. सुमारे एकोणतीस अंशांच्या वर वाळू तापली की माद्या अधिक, खाली राहिली की नर अधिक. आणि फारच तापली की पिले आतल्या आत मरतात. उन्हाळे कडक होत चालले आहेत हे आपल्याला नगर जिल्ह्यात कोणी सांगायला नको. हॅचरीवर सावली करावी की नाही, कधी करावी, हे ठरते ते वर्षानुवर्षांच्या ह्या वह्यांवरून. वही खोटी तर सावलीही खोटी.

मोजणी मावशींकडे गेली ती आपोआप. पहिल्या दिवशी आमचा कॉलेजातला सोबती एकेक अंडे उचलून मोजू लागला. मावशींनी त्याला बाजूला सारले. त्यांच्या घरची भाषा तेलुगू. त्या तेलुगूत पुटपुटत पाचा-पाचाने अंडी ठेवीत गेल्या, पंचवीस झाली की एक शिंपला बाजूला. एकशे चार. कासवमित्राने फिरून मोजली. एकशे चार. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही सीझनभर राहा."

आता आमची चूक सांगतो. चौथ्या की पाचव्या दिवशी जानेवारीतले एक घरटे फुटले. पिले वर आली की दोन-तीन दिवस थांबून घरटे उकरतात आणि आतली शिल्लक मोजतात: रिकामी टरफले किती, न उबलेली अंडी किती, आत मेलेली पिले किती. काम घाणीचे आहे. कुजलेल्या अंड्यांचा वास हाताला दोन दिवस राहतो. पाटीवर अंडी होती एकशे अठरा. आमची बेरीज आली एकशे पंधरा. पुन्हा मोजले, पुन्हा एकशे पंधरा. ऊन चढले होते, अजून दोन घरटी उकरायची होती, आणि न उबलेल्या अंड्यांचा असा लगदा झाला होता की त्यात तीन अंडी इकडची तिकडे धरणे अगदी सोपे होते. आम्ही पेन्सिल उचलली आणि म्हटले, "कुजलेली एकवीस आहेत ना? चोवीस लिहू. बेरीज जुळून जाईल."

मावशींनी आमच्याकडे पाहिले. बोलल्या काही नाहीत. बोलला तो कासवमित्र, वयाने आमच्या मुलासारखा. "नको काका. तीन कमी तर तीन कमी लिहा. कुर्लीने नेली असतील, जानेवारीत माझी मोजताना चूक झाली असेल, टोपलीखालून पिल्लं निघून गेली असतील. आपल्याला माहीत नाही ना? मग माहीत नाही असं लिहा." आणि त्याने स्वतःच्याच जानेवारीतल्या मोजणीपुढे, स्वतःच्याच हाताने, प्रश्नचिन्ह घातले.

श्रोतेहो, तीस वर्षे ज्या मुनिमाशी आम्ही भांडलो तो त्या सकाळी आमच्याच बोटांत येऊन बसला होता. आमचा त्यात फायदा कसलाच नव्हता. कोणी रागावणार नव्हते, कोणाचा पगार कापला जाणार नव्हता. नुसती बेरीज जुळावी एवढाच मोह! तेव्हा कळले की त्या मुनिमांपैकी कित्येकांना मालकाने तसे सांगितलेही नसेल. उन्हात बसून कंटाळलेला माणूसच ते करीत असेल. त्याने त्यांचा दोष कमी होत नाही, पण त्यांच्याशी भांडायची आमची रीत कदाचित वेगळी असती.

आता मजुरीचा प्रश्न. जन्मभर आम्ही सांगत आलो की फुकट राबू नका. एकजण फुकट राबला की दहाजणांची मजुरी पडते. आणि आम्हीच पदरचे तिकीट काढून फुकट राबायला गेलो. कासवमित्राला मानधन मिळते, तेही हंगामापुरते. त्या गावात ते उशिरा आले होते, म्हणून गावाचे नाव घेतले नाही. आम्ही त्याला सरळच विचारले, "आम्ही येतो त्याने तुझ्या पोटावर पाय येतो का?" तो हसला, आणि मग विचार करून म्हणाला, "तुम्ही आठ दिवस येता. मी नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोज चालतो. तुम्ही माझ्याबरोबर आलात तर मला बरं. माझ्याऐवजी आलात तर वाईट." ह्याहून स्पष्ट कलम आम्ही कुठल्या करारात लिहिलेले नाही. परदेशांत तर तरुण मंडळी संस्थांना पैसे भरून असे काम करायला जातात. त्यात गैर काही नाही. पण आठवड्याच्या पाहुण्याचे नाव अहवालात येते आणि रोज चालणाऱ्याचे येत नाही, हे जिथे होते तिथे आमचा आक्षेप आहे. आमच्या वहीत 'नोंद करणारा' असे एक घर होते, 'घरटे शोधणारा' असे नव्हते. आम्ही रेघ मारून ते पाडले आणि प्रत्येक घरट्यापुढे त्याचे नाव लिहिले. हे युनियनचे काम झाले म्हणा हवे तर.

कासवांच्या शास्त्राचा इतिहास पाहिला तर त्यात कष्टकऱ्यांचा हात जागोजाग आहे. अमेरिकेचे आर्ची कार १९५० च्या दशकात मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशात कासवांना बिल्ले लावू लागले. त्यांनी बिल्ल्यावर पत्ता आणि परत करणाऱ्याला बक्षीस असे कोरले, आणि कासव कुठून कुठे जाते ते जगाला कळले ते कोळ्यांनी पाठवलेल्या बिल्ल्यांवरून. आपल्याकडचे सतीश भास्कर तर आमच्याच पंथाचे. मद्रासच्या आय. आय. टी.तून शिक्षण अर्धे टाकून बाहेर पडले आणि कासवांसाठी हजारो किलोमीटर किनारा पायी चालले. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपमधील सुहेलीच्या निर्जन बेटावर ते एकटे महिनोन् महिने राहिले. बायकोला लिहिलेले पत्र बाटलीत घालून समुद्रात सोडले, ते श्रीलंकेच्या एका कोळ्याला सापडले आणि त्याने टपालाने तिला धाडले. २०२३ मध्ये ते वारले. पदवी नसलेल्या ह्या माणसाच्या नोंदींवर देशातल्या किती तरी किनाऱ्यांची पहिली माहिती उभी आहे.

कोळी बांधवांचेही सांगितले पाहिजे. जाळ्यात कासव अडकले तर ते गुदमरते, कारण त्याला श्वासाला वर यावे लागते. सोडवायचे तर जाळे कापावे लागते, आणि जाळे ही कोळ्याची भाकरी. डिसेंबर २०१८ पासून आपल्या राज्याने, संरक्षित प्राणी सोडवताना कापलेल्या जाळ्याची पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्यास सुरुवात केली. छायाचित्र काढायचे, अर्ज करायचा. आम्हांला हे धोरण फार आवडले. कासव वाचवा म्हणून कोळ्याला उपदेश करण्यापेक्षा त्याचे नुकसान भरून द्या, मग तो उपदेश आपल्यालाच करील!

शेवटच्या दिवशी मावशींना हवे होते ते मिळाले. संध्याकाळी एका टोपलीखाली त्रेसष्ट पिले निघाली. त्यांना उचलून पाण्यात टाकीत नाहीत. काही अंतर वाळूवरून चालू देतात, कारण ज्या किनाऱ्यावर जन्मलो त्याची ओळख त्यांना तेव्हाच पटत असावी असे मानतात. मावशी दोरीच्या मागे उकिडव्या बसल्या होत्या. एक पिलू उलटे पडले, पाय हलवीत राहिले. मावशींचा हात पुढे गेला, कासवमित्र म्हणाला, "थांबा मावशी, त्याचं त्याला जमेल." जमले. लाटेत शिरेपर्यंत मावशींनी त्याच्यावरून नजर काढली नाही. हजारांतले एखादेच मोठे होते असे जाणकार सांगतात. मावशींना ते माहीत होते. परत येताना त्यांनी एवढेच विचारले, "त्रेसष्ट लिहिलंस ना?"

येत्या हंगामात फेब्रुवारी-मार्चात आम्ही पुन्हा जाणार आहोत. सहाजणांची सोय होईल. ज्यांना यायचे असेल त्यांनी दाराशी बसलेल्या आमच्या तरुण सोबत्याकडे नाव लिहून द्यावे. पहाटे तीनला उठण्याची तयारी हवी, विजेरीला लाल कागद लावलेला हवा, मोबाईल खिशात राहील. आणि तिथे आपला मुकादम तो कासवमित्र, तो सांगेल तसे वागायचे. तिकीट आपापले. नाव मात्र स्वच्छ अक्षरात लिहा, गेल्या वेळची दोन नावे आम्हांला अजून लागलेली नाहीत.